परक्याचा माग, आपलें वस्त्र

जें नगर मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी या गांवाच्या जागीं वसविलें, जें पुढें औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें, त्या नगरांत जाफर दरवाज्याच्या बाजूस हिमरू विणण्याचा धंदा जुन्या काळापासून चालत आला आहे. सुती ताण्यावर रेशमी बाण्यानें वेलबुट्टी उठविलेलें, हातास मऊ लागणारें आणि जरतारी किनखाबाची शोभा थोडक्या खर्चांत देणारें असें हें वस्त्र. १३२७ मध्यें महंमद तुघलखानें आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, आणली, तेव्हां त्याच्या लव्याजम्याबरोबर हे विणकर इकडे आले, अशी त्यांच्यांत समजूत आहे. म्हणजे ज्यास आपण या शहराची खास कला म्हणतों, ती मुळांत पाहुणी म्हणून आली आणि येथें घरची झाली.

परंतु आजच्या भाषणाचा विषय हिमरूचें वस्त्र हा नाहीं. ज्यावर तें विणलें जातें तो माग हा आहे. हिमरूच्या मागाजवळ उभें राहून मान वर केली, तर कांहीं मागांच्या माथ्यावर एक यंत्र बसविलेलें दिसतें, आणि त्यांतून भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ खालीं सुटलेली असते. विणकर तिला जकार्ड म्हणतो. ही माळ फ्रान्स देशांतील लियाँ शहराची देणगी आहे. आपल्या परंपरेचें म्हणून जें वस्त्र आपण कौतुकानें पाहुण्यांस दाखवितों, त्याची नक्षी एका परक्या माणसाच्या चौकटींतून उतरते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं. ज्याच्या हातांत पिढीजाद कसब आहे, अशा कारागिरानें दुसऱ्याची चौकट कशी पत्करली? पत्करतांना तो कां बिचकला? आणि त्याचें बिचकणें कोठें चुकीचें व कोठें बरोबर होतें? या प्रश्नांचा इतिहास मला आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम जुनी रीत कशी होती, तें पाहूं. साध्या कापडाला ताण्याचे धागे एकाआड एक उचलले कीं पुरे. परंतु फुलाची पाकळी किंवा कोयरीचा बांक काढावयाचा, तर प्रत्येक वेळीं निराळे धागे उचलावे लागतात. यासाठीं ताण्याच्या धाग्यांना दोऱ्या बांधून त्या मागाच्या वर नेत. कोणत्या क्रमानें कोणत्या दोऱ्या ओढावयाच्या, तें गांठी मारून आधींच ठरवून ठेवीत. आणि वर बसलेला एक पोऱ्या त्या क्रमानें दोऱ्या ओढी. खालीं बसलेला विणकर धोटा फेंकी. नक्षी बांधणारा हा या सर्वांत मोठा मानकरी. त्याच्या डोक्यांतलें चित्र दोऱ्यांच्या गांठींत उतरत असे, आणि त्या गांठी दुसऱ्यास सहसा वाचतां येत नसत. त्याची विद्या हेंच त्याचें भांडवल होतें.

या दोऱ्यांच्या जंजाळास पर्याय शोधण्याचा उद्योग लियाँमध्यें पुष्कळ वर्षें चालला होता. १७२५ मध्यें बूशाँ नांवाच्या माणसानें भोकें पाडलेल्या कागदाची युक्ति काढली. त्यानंतर फाल्काँ यानें कागदाऐवजीं पुठ्ठे घेतले. १७४५ च्या सुमारास व्होकाँसाँ यानें तें यंत्र मागाच्या डोक्यावर चढविलें. या तिघांच्या कामावर जोसेफ मारी जकार्ड यानें १८०४ मध्यें कळस चढविला. तत्त्व अगदीं सोपें आहे. पुठ्ठ्यांत जेथें भोक असेल तेथें सुई आरपार जाते आणि तिचा आंकडा धागा वर उचलतो. जेथें भोक नाहीं तेथें सुई मागें सरते आणि धागा खालींच राहतो. एका पुठ्ठ्याला बाण्याची एक फेर. पुठ्ठ्यांची माळ बदलली कीं नक्षी बदलली. वरचा पोऱ्या नको, आणि नक्षीसाठीं माग पुनः पुनः बांधणेंही नको.

लियाँच्या विणकरांनीं या यंत्राचें स्वागत केलें नाहीं. त्यांनीं माग जाळले, जकार्डच्या अंगावर धांवून गेले, अशा हकीकती सांगतात. त्यांतला तिखटमिठाचा भाग सोडला, तरी विरोध खरा होता आणि त्याचीं कारणेंही खरीं होतीं. दोऱ्या ओढणाऱ्यांची भाकर जाणार होती. ज्याचें ज्ञान आजवर गांठींत दडलेलें होतें, त्याचें तें ज्ञान आतां पुठ्ठ्यावर उघडें पडणार होतें. पुठ्ठे ज्याच्या हातीं, त्याची नक्षी. शिवाय पहिलीं यंत्रें पुरेशीं निर्दोषही नव्हतीं. ब्रेताँ नांवाच्या यंत्रकारानें पुढें तीं सुधारलीं, तेव्हां कोठें त्यांचा खरा प्रसार झाला. म्हणजे प्रथम जे नाहीं म्हणाले, ते सगळेच अडाणी होते असें म्हणतां येत नाहीं. त्यांतील कांहींनीं यंत्र नीट पाहिलें होतें, आणि म्हणूनच ते नाहीं म्हणाले होते.

तरीहि हें यंत्र रुजलें, आणि तें रुजण्याचें एक कारण इतिहासकारांनीं नोंदवून ठेवलें आहे. फ्रेंच सरकारनें जकार्डला वर्षासन आणि प्रत्येक यंत्रामागें ठराविक रक्कम देऊन तो शोध सर्वांसाठीं मोकळा केला. कोणाही सुताराला तें यंत्र बनवितां येऊं लागलें. कोणाही विणकराला तें आपल्या गल्लींतल्या माणसाकडून दुरुस्त करून घेतां येऊं लागलें. १८१२ पर्यंत फ्रान्समध्यें असे सुमारें ११,००० माग झाले होते असें सांगतात. आणि ज्या लियाँनें जकार्डला झिडकारलें, त्याच लियाँनें १८४० मध्यें त्याचा पुतळा उभारला.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडांत घडलें. जॉन के यानें १७३३ मध्यें धांवत्या धोट्याचें पेटंट घेतलें. पूर्वीं रुंद कापडाला मागाच्या दोहों बाजूंस दोन माणसें बसत. या धोट्यामुळें एकाच माणसानें दोरी ओढून धोटा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पळवावा, अशी सोय झाली. कापड भराभर निघूं लागलें. कारखानदारांना धोटा हवा होता, पण त्याबद्दलचें देणें द्यावयाचें नव्हतें. ते चोरून धोटा वापरीत, आणि खटला झालाच तर खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा म्हणून त्यांनीं आपसांत एक मंडळही काढलें होतें. के कोर्टकचेऱ्यांनीं खंगला आणि अखेर देश सोडून फ्रान्सांत गेला. एकीकडे जकार्डची चौकट सरकारनें विकत घेऊन लोकांस दिली. दुसरीकडे केच्या चौकटीवर टोलनाका बसला. दोन्ही चौकटी उत्तम होत्या. परंतु परक्याची वस्तु घेतांना कारागीर वस्तूचा गुण पाहतो तसा तिच्याबरोबर येणारा करारही पाहतो, हें या दोन गोष्टींवरून स्पष्ट होतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वदेशीची लाट आली, आणि हातमागावाल्याला कसें तारावें याचा विचार सरकारी आणि बिनसरकारी अशा दोहों ठिकाणीं सुरू झाला. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनीं धांवत्या धोट्याचा पुरस्कार केला. मद्रास इलाख्यांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं सेलम येथें सरकारी विणकामाचा कारखाना काढला. विणकरांनीं घर सोडून या छपराखालीं यावें, ठराविक वेळीं बसावें, ठराविक वेळीं उठावें आणि सुधारलेल्या मागावर काम करावें, अशी योजना होती. विणकर तेथें टिकेनात. सरकारचें वरिष्ठ धोरणही अशा कारखान्यांस प्रतिकूल झालें, आणि १९१० च्या सुमारास तो कारखाना बंद पडला. इकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे यंत्रशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. त्यांनीं पुष्कळ खटपट करून वेगानें चालणारा एक नवा हातमाग तयार केला. त्याची तारीफ झाली, परंतु खेडोपाडींच्या विणकराच्या घरांत त्यानें मूळ धरलें नाहीं.

या अपयशावरून त्या काळच्या पुष्कळ साहेबांनीं आणि आपल्याही कांहीं सुशिक्षितांनीं असा निष्कर्ष काढला कीं, हिंदी विणकर जात्याच जुन्याला चिकटून राहणारा आहे. हा निष्कर्ष किती उतावीळ होता, तें सोलापुरानें दाखवून दिलें. तेथें तेलंगणांतून आलेल्या पद्मसाळी विणकरांनीं तोच धांवता धोटा लवकर उचलला. कारण काय? त्यासाठीं जुना माग मोडावा लागत नव्हता. खड्ड्यांतला माग जागच्या जागीं ठेवून फणीची चौकट तेवढी बदलावयाची, खर्च थोडा, मोडलें तर पेठेंतला सुतार दुरुस्त करणार, आणि न जमलें तर चौकट काढून ठेवून पुनः हातानें धोटा फेंकावयास कोणाची आडकाठी नाहीं. यापेक्षां महत्त्वाचें म्हणजे हें सर्व शिकविणारा कोणी अधिकारी नव्हता. शेजारच्या घरांतला जातभाई होता. त्याच्या मागावरून दिवसाकाठीं किती हात कापड उतरतें, तें डोळ्यांनीं दिसत होतें. इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ मध्यें पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें तें सारें गांवच यंत्रमागांचें झालें, त्याचेंही इंगित यांतच आहे. एकानें लावला, तो चालला, आणि तो चाललेला दुसऱ्यानें पाहिला.

तेव्हां सेलमच्या आणि सोलापूरच्या विणकरांत स्वभावाचा फरक नव्हता; त्यांच्यापुढें ठेवलेल्या चौकटींत फरक होता. एक चौकट म्हणत होती, "तूं माझ्या घरीं ये." दुसरी म्हणत होती, "मी तुझ्या घरीं येतें."

येथें मी आणखी एक उदाहरण देणार आहे, कारण त्यावांचून हा इतिहास एकांगी होईल. संभाजीनगराहून पैठण फार लांब नाहीं. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि काठावरच्या वेली यांना ना जकार्ड लागत, ना गांठींचें जंजाळ. प्रत्येक रंगाची निराळी कांडी घेऊन विणकर ताण्याचे धागे मोजून मोजून ती हातानें फिरवितो आणि रंगांस रंग गुंतवितो. त्यामुळें पदर पालथा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. मागें सुटे धागे लोंबत नाहींत. एका भरजरी पैठणीला कित्येक महिने लागतात. ज्या साडीचा काठ एका रंगाचा, अंग दुसऱ्या रंगाचें, आणि बाणा दर फेरीस काठाजवळ अडकवून परतवावयाचा, तिला एका दमांत आरपार पळणारा धोटा काय कामाचा? अशा विणकरानें धांवता धोटा नाकारला, तर तो सुधारणेचा शत्रु ठरत नाहीं. त्यानें आपलें काम ओळखलें, एवढेंच. २०१० मध्यें पैठणीस भौगोलिक मानांकन मिळालें, तें तिच्या या हातच्या गुंतवणीच्या जोरावर.

श्रोतेहो, हा सर्व इतिहास मीं आज कां उकरला, असें आपण विचाराल. जकार्डच्या पुठ्ठ्यांची गोष्ट कापडापाशीं संपली नाहीं. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनें आपल्या नियोजित गणितयंत्रास आज्ञा देण्यासाठीं हेच पुठ्ठे योजिले. १८४३ मध्यें एडा लव्हलेस हिनें त्या यंत्रावर टिपणें लिहितांना जकार्डच्या मागाशीं त्याची तुलना केली. १८९० च्या अमेरिकन शिरगणतींत हॉलेरिथनें भोकांच्या पत्त्यांवर माणसें मोजलीं. संगणकाच्या वंशावळींत विणकराचा माग असा बसलेला आहे. आणि आज आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें ज्या धंद्यांत आहेत, त्या संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या धंद्यांत लियाँचाच वाद पुनः चालू आहे.

वेबसाइट उभारावयाची म्हणजे कांहीं कामें दर वेळीं तींच तीं करावीं लागतात: आलेल्या माणसाची ओळख पटविणें, माहितीच्या कोठारांतून हवें तें काढणें, पान सजवून पाठविणें. हीं कामें आधींच करून ठेवलेली जी तयार चौकट, तिला फ्रेमवर्क म्हणतात. अमेरिकेंतील कॅन्सस राज्याच्या लॉरेन्स या गांवीं एका वर्तमानपत्राच्या कचेरींत कांहीं तरुणांनीं रोजच्या बातम्यांची मुदत गांठण्यासाठीं अशी एक चौकट रचली आणि २००५ मध्यें ती जँगो या नांवानें सर्वांस खुली केली. त्याच्या आदल्या वर्षीं रेल्स आलें होतें; २०१३ मध्यें फेसबुक कंपनीनें रिअ‍ॅक्ट खुलें केलें. प्रत्येक वेळीं जुन्या जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. "हें मीं स्वतः लिहीन. दुसऱ्याचें लिहिलेलें मीं कां वापरूं?" हें वाक्य आजही कचेऱ्यांतून ऐकूं येतें. त्यांत थोडा अभिमान असतो, हें खरें. परंतु त्यांत विणकराचे तीन जुने प्रश्नही असतात. माझ्या कसबाचें काय होणार? मोडलें तर दुरुस्त कोण करणार? आणि या चौकटीचा मालक उद्यां काय मागणार?

हे प्रश्न पोकळ नाहींत. २०१६ च्या मार्चमध्यें अवघ्या ११ ओळींची एक तयार आज्ञावली तिच्या कर्त्यानें सार्वजनिक कोठारांतून काढून घेतली, आणि तिच्यावर विसंबून असलेलीं जगभरचीं कामें अडून बसलीं. त्यांतल्या कित्येकांस आपण तिच्यावर विसंबून आहों, याचा पत्ताही नव्हता. २०१७ मध्यें रिअ‍ॅक्टच्या परवान्यांतील पेटंटविषयक अटींवरून मोठा गहजब झाला आणि त्याच वर्षीं त्या कंपनीला त्या अटी काढून टाकाव्या लागल्या. जॉन केचा टोलनाका आणि जकार्डची मोकळी वाट यांमधला फरक तेथें पुनः दिसला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील इक्विफॅक्स या कंपनीच्या कोठारांतून सुमारें १४ कोटी ७० लक्ष माणसांची खाजगी माहिती चोरीस गेली. चोर शिरले ते स्ट्रट्स नांवाच्या तयार चौकटींतील एका भेगेंतून. परंतु ती भेग बुजविण्याचा उपाय त्या चौकटीच्या कर्त्यांनीं मार्चमध्येंच जाहीर केला होता, आणि चोर आंत शिरले ते मे महिन्यांत. चौकट परक्याची होती. राखण आपली होती, आणि ती राखणच झाली नाहीं.

म्हणून जो कोणी एखाद्या संशयी कारागिरास परक्याची चौकट घ्या म्हणून सांगूं पाहतो, त्यानें सेलम आणि सोलापूर हीं दोन गांवें डोळ्यांसमोर ठेवावीं. गुणवर्णन थोडें करावें, आणि त्या चौकटीवर एक हात कापड विणून दाखवावें. जुना माग लगेच मोडावयास लावूं नये. एका कोपऱ्यांत नवा चालूं द्यावा आणि दोहोंचें कापड शेजारीं शेजारीं पसरावें. मोडल्यास दुरुस्त करणारा माणूस गांवांत आहे कीं नाहीं, आणि त्या वस्तूबरोबर कोणता करार येतो, हें न विचारतां सांगावें. आणि ज्याचें काम पैठणीचें आहे, त्यास मोकळ्या मनानें म्हणावें कीं, "ही चौकट तुमच्यासाठीं नाहीं." असें एकदां स्पष्ट बोलणाऱ्याच्या दहा शिफारशींवर माणूस विश्वास ठेवतो.

आणि कारागिरानें काय करावें? चौकट घेतली कीं कसब गेलें, ही भीति त्यानें सोडावी. जकार्डनें वरच्या पोऱ्याची जागा घेतली, हें लपवून उपयोग नाहीं. त्याच्या पोटाची सोय कोणी केली, हा प्रश्न लियाँनेंही नीट सोडविला नाहीं. परंतु कोयरीचा बांक कसा असावा, हें यंत्रानें कधींच ठरविलें नाहीं. पुठ्ठ्यावर भोक कोठें पाडावयाचें, तें माणसालाच ठरवावें लागतें. मात्र चौकट घेणाऱ्यानें तिच्या आंत डोकावून पाहण्याची तसदी घेतली पाहिजे. ज्या विणकराला पुठ्ठा कां अडला तें कळत नाहीं, तो मागाचा धनी नसून नुसता हमाल होय.

हिमरूच्या मागाकडे परत येऊन मी हें भाषण संपवितों. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचें राज्य संपलें, आणि ज्या दरबारी मंडळींच्या शेरवानीसाठीं हिमरू विणलें जाई, तीं गिऱ्हाइकें पांगलीं. तेंच जकार्ड यंत्रमागावर चढलें आणि हिमरूसारखी नक्षी स्वस्तांत काढूं लागलें. हातानें विणणारीं घरें कमी कमी होत गेलीं. म्हणजे चौकट पत्करली कीं धंदा तरलाच, अशी हमी इतिहास देत नाहीं. चौकट सर्वांना मोकळी असली कीं ती प्रतिस्पर्ध्यालाही मोकळीच असते. इतकें असूनही जीं थोडीं घरें अजून विणीत आहेत, त्यांच्या मागावर ती पुठ्ठ्यांची माळ फिरते आहे, आणि तिच्याखालीं बसलेला माणूस तिला परकी म्हणत नाहीं. ती कोठून आली हें त्याला विचारलें, तर तो आपल्या वडिलांकडून आली असेंच सांगेल. आणि तेंही खोटें नाहीं.